मँडोलिनच्या नावाखाली युकुलेले: एका ऑनलाइन 'कोर्स'ची गोष्ट

निवृत्त झाल्यावर मँडोलिन शिकणार असं बाबांनी जाहीर केलं, तेव्हा घरात कुणाला फारसं नवल वाटलं नाही. विविध भारतीवर जुनं गाणं लागलं की ते शब्द सोडून मधले तुकडे ऐकतात आणि मँडोलिनवादक-संगीतकार सज्जाद हुसेन यांचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात. वाद्य त्यांनी दुकानात जाऊन, वाजवून बघून घेतलं. तिथे काही फसगत झाली नाही. गंडवलं ते शिकायच्या साहित्यात.

फेसबुकवर जाहिरात होती: मराठीतून मँडोलिन, पीडीएफ पुस्तक, व्हिडिओ, शेवटी सर्टिफिकेट, आणि उद्यापासून किंमत दुप्पट. यूपीआयने १,४९९ रुपये गेले आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल आली. व्हिडिओ म्हणजे यूट्यूबवरच्याच फुकट व्हिडिओंच्या लिंका. पुस्तक मात्र दिसायला झकास होतं.

लबाडी कुठे होती ते नीट सांगते. मँडोलिनला आठ तारा असतात, पण दोन-दोनच्या चार जोड्या, आणि जोडीतल्या दोन्ही तारा एकाच सुरात. पाश्चात्त्य नावांनी जाड तारेकडून सूर जी, डी, ए, ई, म्हणजे थेट व्हायोलिनसारखं. कॉर्डच्या, म्हणजे एकदम वाजवायच्या सुरांच्या गटाच्या, तक्त्यात एका जोडीची एकच रेघ काढतात, त्यामुळे तक्ता चार रेघांचा दिसतो. युकुलेले म्हणजे गिटारसारखं दिसणारं, चार तारांचं छोटं वाद्य. त्याचा तक्ताही चार रेघांचाच, पण तिथे सूर जी, सी, ई, ए. या महाभागाने युकुलेलेचे तक्ते उचलले आणि वर मोठ्या अक्षरांत 'मँडोलिन' छापलं. आठ तारांच्या वाद्याला चारच रेघा का, ही शंका कुणी काढली असती तरी खरं उत्तर तयारच होतं.

पुस्तकात एफ कॉर्ड होता २-०-१-०. म्हणजे ओळीने एकेका तारेवर कितव्या पडद्यात बोट दाबायचं ते, आणि शून्य म्हणजे मोकळी तार. युकुलेलेवर तो बरोबर आहे. मँडोलिनवर तीच बोटं ठेवली की ए, डी, बी फ्लॅट आणि ई असे सूर निघतात. ए आणि बी फ्लॅट एकदम वाजल्यावर कानाला टोचणारच. मँडोलिनचा एफ असतो ५-३-०-१.

बाबांना वाटलं, आपलंच चुकतंय. बोट तारेवर नीट दाबलं जात नसेल, म्हणून बोटांच्या टोकांना घट्टे पडेपर्यंत दाबलं. मग वाद्यात दोष असेल म्हणून दुकानात गेले. दुकानदाराने सूर लावून दिला, म्हणाला, काका, वाद्य एकदम ठणठणीत आहे. घरी येऊन परत तेच. "या वयात कान जातो बहुतेक," असं ते आईला म्हणाले. पैशांपेक्षा मला या वाक्याचा जास्त राग आहे. नवशिका आधी स्वतःवरच शंका घेतो, आणि असल्या लोकांचा धंदा नेमका त्यावरच चालतो.

छडा लावला तो आमच्याच सोसायटीतल्या व्हायोलिन शिकवणाऱ्या काकांनी. दोन पानं चाळून म्हणाले, "अहो, हे कुठल्या वाद्याचं आणलंत?" पुढे एका पानावर तर 'नायलॉनच्या तारा अंगठ्याने हळुवार छेडा' असं चक्क लिहिलेलं सापडलं. मँडोलिनच्या तारा धातूच्या, आणि वाजवायचं प्लेक्ट्रमने, म्हणजे तार छेडायच्या छोट्या पट्टीने. त्याच्या खाली-वर फटक्यांबद्दल, ट्रेमोलोबद्दल (भराभर छेडून सूर लांबवण्याबद्दल) संपूर्ण पुस्तकात अवाक्षर नाही.

पैसे परत मागितल्यावर विक्रेत्याने आधी 'डिजिटल वस्तू परत घेत नाही' असं कळवलं, मग बाबांना कोर्सच्या ग्रुपमधून काढलं. दोन दिवसांनी दुसऱ्याच नंबरवरून फोन: "सर, रिफंड मंजूर झालाय, रिक्वेस्ट पाठवलीय, पिन टाका." मी शेजारीच होते, फोन काढून घेतला. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही. पैसे अजून आलेले नाहीत.

घेण्याआधी दोन-चार पानं मागा. नमुना द्यायला नाही म्हणाला तर विषय तिथेच संपवा. सी कॉर्ड ०-२-३-० आणि जी ०-०-२-३ आहे का तेवढं बघा. सी ०-०-०-३ दिसला तर ते युकुलेले. सहा रेघा असतील तर गिटार.

बाबा सध्या काकांनी दिलेल्या पाश्चात्त्य व्हायोलिनच्या जुन्या प्राथमिक पुस्तकावरून धून बसवतायत. सूर तेच असल्याने पहिल्या पोझिशनचे (हात मानेच्या टोकाशी ठेवून वाजवायचे) धडे मँडोलिनवर जसेच्या तसे चालतात. हिंदुस्थानी व्हायोलिनचं पुस्तक मात्र यासाठी घेऊ नका, तिथे तारा बहुधा वेगळ्या सुरांत लावतात.