रन-सीच्या इंटिग्रेशन चाचण्या: वर्षभराच्या वापरानंतरचा अभिप्राय

नागपूरच्या आयटी पार्क परिसरातील आमच्या छोट्या चमूला रन-सी (runc) या कंटेनर रनटाइममध्ये, म्हणजे प्रोग्राम इतरांपासून वेगळ्या कप्प्यात (कंटेनरमध्ये) चालवणाऱ्या साधनात, एक लहानसा बदल करावा लागला आणि त्या निमित्ताने त्याच्या कोडसोबतच मिळणाऱ्या इंटिग्रेशन चाचण्या (सगळे भाग एकत्र चालवून तपासणाऱ्या) मी वर्षभर चालवल्या, काही स्वतः लिहिल्याही. डॉकरने २०१५ मध्ये कंटेनरची मानके ठरवणाऱ्या ओपन कंटेनर इनिशिएटिव्हकडे सोपवलेला हा रनटाइम गो भाषेत आहे. चाचण्या मात्र बॅट्स हे चाचणीचे साधन वापरून, म्हणजे बॅश शेलमध्ये, लिहिलेल्या आहेत. मला हाच त्यांचा सर्वांत मोठा गुण वाटतो. चाचणी आतले फंक्शन तपासत बसत नाही. ती तयार बायनरी (चालवण्याजोगी फाइल) चालवते, खराखुरा कंटेनर उभा करते आणि एक्झिट कोड व आउटपुट पाहते, म्हणजे वापरणाऱ्याला जे दिसणार तेच पाहते.

बिझीबॉक्सचे (लिनक्सच्या मूलभूत आज्ञांच्या छोट्या संचाचे) बंडल, म्हणजे कंटेनरसाठी लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा, तयार करणे, जेक्यू या जेसन हाताळणाऱ्या साधनाच्या मदतीने कॉन्फिग फाइल बदलणे आणि शेवटी सगळे आवरणे यांसाठीची फंक्शने एका सामायिक फाइलमध्ये आहेत. त्यामुळे नवी चाचणी थोड्या ओळींत लिहून होते, पण ती भरवशाची करणे सोपे नाही. मेमरीची मर्यादा बदलल्यावर आतली प्रक्रिया मारली जाते का, हे पाहणाऱ्या माझ्या पहिल्या चाचणीत मी एक सेकंदाचा स्लीप (ठरावीक वेळ थांबण्याची आज्ञा) घातला होता. ती सकाळी उत्तीर्ण होई आणि मे महिन्यातल्या दुपारी, कार्यालयातला जुना संगणक तापून संथ झाला की, नापास होई. दोन दिवस मी दोष रनटाइममध्ये शोधत होतो. सामायिक फाइलमधले ‘रीट्राय’ फंक्शन, जे अट पूर्ण होईपर्यंत ठरावीक वेळा पुन्हा तपासते, ते वापरल्यावर प्रश्न मिटला. मर्यादेची फाइलही सी-ग्रुपच्या (प्रक्रियांच्या संसाधनांवर मर्यादा घालणाऱ्या लिनक्सच्या सोयीच्या) दोन आवृत्त्यांत वेगवेगळ्या नावाची असते, त्यामुळे दोन्हींचा विचार चाचणीतच करावा लागतो.

बॅशची एक खोच मात्र फार त्रासदायक आहे. उद्गारचिन्हाने नकार दिलेली, म्हणजे अपयशी व्हायलाच हवी अशी, आज्ञा मधल्या ओळीत यशस्वी झाली तरी चाचणी उत्तीर्णच दिसते. बॅट्सच्या १.५.० आवृत्तीपासून ‘रन’ आज्ञेलाच उद्गारचिन्ह जोडता येते, ते अवश्य वापरावे.

रूटचे (यंत्राच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याचे) अधिकार किंवा क्रियू (चालू प्रक्रियेची स्थिती साठवून ती पुन्हा सुरू करणारे साधन) यांसारखी गरजेची गोष्ट नसेल, तर ती चाचणी कारण नोंदवून वगळली जाते. ही पद्धत प्रामाणिक आहे, पण अहवाल वाचणाऱ्याने तो शेवटपर्यंत वाचला पाहिजे. सगळे उत्तीर्ण झाले असे मी आनंदाने सांगितले, तेव्हा आमच्या वरिष्ठांनी एवढेच विचारले, “अरे, पण स्किप किती झाल्या, ते बघितलं का?” क्रियू बसवलेलेच नव्हते आणि त्यामुळे चेकपॉइंटच्या (स्थिती साठवण्याच्या) चाचण्या चालल्याच नव्हत्या.

‘मेक इंटिग्रेशन’ ही आज्ञा सगळा संच कंटेनरच्या आत चालवते, तर ‘मेक लोकलइंटिग्रेशन’ थेट यंत्रावर. दुसरी आज्ञा रोजच्या लॅपटॉपवर न देता वेगळ्या व्हर्च्युअल मशीनमध्येच द्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. चाचणी लिहिताना ‘टेस्टपाथ’मध्ये फाइलचे नाव देऊन तेवढी एकच फाइल चालवता येते. मी दिवसभर तेच करतो आणि पूर्ण संच संध्याकाळी घरी निघताना लावून जातो.