तोळ्याचा भाव ऐकला, ग्रॅमचा मोजला

आईच्या गुडघ्यांचा एक्स-रे काढून आम्ही पुण्यात कर्वे रस्त्यावर रिक्षाची वाट बघत उभ्या होतो. आई 74 वर्षांची. दोन्ही गुडघे झिजलेले, त्यात पंधरा वर्षांचा मधुमेह. डॉक्टरांनी नुकताच ऑपरेशनचा विषय काढला होता, त्यामुळे ती गप्प होती. एवढ्यात पस्तिशीचं एक जोडपं शेजारी येऊन थांबलं. "आजी, सावकाश," म्हणत त्या मुलीने आईला हात देऊन पायरीवरून खाली उतरवलं. मग सहज बोलल्यासारखं म्हणाली, "माझ्या सासूबाईंचं अगदी असंच होतं. आता पर्वती चढतात."

"काय केलं त्यांनी?" आईने विचारलं.

हे मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर कितीतरी रात्री मी हाच क्षण आठवत राहिले. त्यांनी आम्हाला काहीही विकायचा प्रयत्न केला नाही. विचारलं आम्ही. मुलीने आधी आढेवेढे घेतले, "नको, तुमचं डॉक्टरांचं चालू आहे ना," असंही म्हणाली. मग नवऱ्याने पाकिटातून घडी पडलेली एक चिठ्ठी काढली. त्यावर पाच वनस्पतींची नावं होती: अश्वगंधा, रास्ना, निर्गुंडी, सुंठ आणि पाचवी 'सुवर्णजोडी'. पहिली चार नावं आईला पाठ. आमच्याकडे पावसाळा लागला की सुंठीचा काढा, रामनवमीला सुंठवडा, बाळंतिणीला डिंकाचे लाडू. निर्गुंडीचा पाला तापवून आजी गुडघ्यांना शेक द्यायची. त्यामुळे ती चिठ्ठी आम्हाला परकी वाटलीच नाही, घरातल्या फडताळातून निघाल्यासारखी वाटली. पाचवं नाव चार ओळखीच्या नावांच्या मागून आत शिरलं.

"चार वस्तू मंडईत कुठेही मिळतील, पाचवी मात्र एकाच दुकानात असते. आम्ही त्याच बाजूला चाललोय," असं म्हणत त्यांनीच रिक्षा थांबवली. निघताना मुलीने आईला वाकून नमस्कारही केला.

दुकान पेठेतल्या एका गल्लीत होतं. बरण्या, पोती, धन्वंतरीची तसबीर आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'मधुमेह मुळापासून'. खरं तर इथेच माघारी फिरायला हवं होतं. मधुमेह, कर्करोग अशा आजारांवर इलाज असल्याची जाहिरात करायला आपल्याकडे 1954 च्या कायद्याने बंदी आहे. अशी पाटी लावणारा माणूस पहिल्याच ओळीत आपण कोण ते सांगत असतो. मला हा कायदा नंतर कळला.

दुकानदार गोड बोलणारा. प्रत्येक वस्तूचा भाव सांगत त्याने तागडीत टाकायला सुरुवात केली. "अश्वगंधा अठरा रुपये तोळा. रास्ना सोळा रुपये तोळा. निर्गुंडी चौदा, सुंठ बारा." तोळा म्हणजे दहा ग्रॅम, हे त्याने आपण होऊन सांगितलं. प्रत्येकी शंभर ग्रॅम, म्हणजे चारींचे मिळून सहाशे रुपये. भाव चढे होते, पण आईसाठी कोण घासाघीस करतं? मग तो म्हणाला, "आणि हिचा भाव ऐंशी. अडीचशे ग्रॅम लागेल." मी मनात हिशेब केला: पंचवीस तोळे, ऐंशीने दोन हजार. एकूण सव्वीसशे. मान हलवली.

मान हलताच दुकानातल्या पोऱ्याने पाचही वस्तू दळायच्या यंत्रात ओतल्या. घरघर सुरू झाली. मधेच दुकानदाराने खालच्या बाटलीतून दोन चमचे पांढरी पूड टाकली आणि म्हणाला, "शंखभस्म, पचनाला." यंत्र थांबल्यावर त्याने कागदावर आकडा लिहून समोर सरकवला. वीस हजार सहाशे. ऐंशी रुपये तोळ्याचा नव्हे, ग्रॅमचा भाव होता. अडीचशे गुणिले ऐंशी, वीस हजार.

मी म्हटलं, तुम्ही तोळ्याने सांगत होतात. तो म्हणाला, "त्या चार वस्तूंचं मॅडम. हिचं मी तोळा म्हणालो का?" खरंच नव्हता म्हणाला. मी म्हटलं, नको मला. त्यावर तो म्हणाला, "दळून झालंय. आता हे मी कोणाला विकू?" आवाज चढला होता. दोन माणसं आतून येऊन दारापाशी उभी राहिली. ते जोडपं आमच्याच बाजूचं असल्यासारखं मधे पडलं, "दादा, आजींकडे बघा, थोडं कमी करा." सोळाशे सोडले गेले. आई घामाघूम झाली होती, तिला तिथून बाहेर काढायचं एवढंच मला दिसत होतं. तीन हजार रोख दिले, सोळा हजार मोबाइलवरून. पैसे गेले ते दुकानाच्या नावावर नाही, एका माणसाच्या नावावर. बिल मागितलं तर "मशीन बंद आहे".

सगळा सापळा दळण्यात आहे. मुळी जोवर अख्खी आहे तोवर ती परत पोत्यात जाऊ शकते, तिचा वास घेता येतो, कोणाला दाखवता येते. अश्वगंधेला नावच घोड्याच्या वासावरून पडलं आहे. मूळ मोडलं की आत पांढरं पिठूळ दिसतं. चूर्ण झालं की ही ओळख संपते आणि वस्तू परत करायची सोयही संपते. म्हणून भाव, वजन आणि एकूण रक्कम कागदावर लिहून घेतल्याशिवाय काहीही दळू देऊ नका. शक्यतो दळूच देऊ नका. अख्खं आणा आणि घरी मिक्सरमधून काढा.

पैशांचं दुःख होतंच, पण खरी भीती पुढे होती. तिसऱ्या दिवशी आईचे गुडघे दुखायचे थांबले. ती काठी न घेता देवघरापर्यंत गेली. मला वाटलं, महाग पडलं पण गुण आला. त्या आठवड्यात मी स्वतः हे चूर्ण दोन जणींना सुचवलं, याची मला आजही लाज वाटते. दोन आठवड्यांनी नेहमीची तपासणी केली, तर एरवी 130 च्या आसपास असणारी उपाशीपोटीची साखर 240 निघाली. चेहराही सुजल्यासारखा दिसत होता.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "एखादं चूर्ण चालू केलंय का?" मी पुडी दाखवली. त्यांना संशय स्टिरॉइडचा. दुखणं दोन-तीन दिवसांत गायब करणाऱ्या सुट्या चूर्णांत ते मिसळलेलं सापडतं. दुखणं दबतं, साखर चढते. ते म्हणाले, दोनच आठवडे झालेत हे बरं. अशी पूड महिनोन् महिने पोटात गेली तर शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं कमी करतं, आणि मग ती एकदम बंद करणंही जिवावर बेतू शकतं. आमची पूड त्यांनी त्याच दिवशी बंद केली, साखर रोज बघायला सांगितली. ती पूर्वपदावर यायला वेळ लागला.

नंतर मी तीच चिठ्ठी घेऊन ओळखीच्या वैद्य बाईंकडे गेले. आयुर्वेदावर राग धरून नव्हे. ज्या शहरात टिळक आयुर्वेद महाविद्यालय 1933 पासून वैद्य घडवतं आहे, तिथे मी आईला गल्लीतल्या एका चिठ्ठीवर सोपवलं, हा राग माझा माझ्यावर होता. त्यांनी चिठ्ठी वाचून विचारलं, "वैद्याचं नाव कुठे आहे? नोंदणी क्रमांक?" नव्हता. 'सुवर्णजोडी' हे नाव त्यांनी कुठल्याही ग्रंथात वाचलेलं नव्हतं. रास्ना म्हणून तर वेगवेगळ्या प्रांतांत वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात, हेही त्यांनीच सांगितलं. तयार औषध घ्यायचं तर बंद पाकिटावर घटकांची यादी, उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि तारीख असायला हवी. आणि आईसारख्या मधुमेहाच्या रुग्णाला अश्वगंधाही विचारून द्यावी, कारण तीही साखर कमी करू शकते आणि आधीच गोळ्या चालू असतात.

तक्रारीसाठी चौकीत गेले तेव्हा तीन आठवडे उलटले होते. दुकानावर दुसरी पाटी लागली होती. अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी अर्ज दिला, बँकेलाही कळवलं. पैसे परत आलेले नाहीत. असं तुमच्या बाबतीत घडलं तर माझ्यासारखा वेळ घालवू नका. दारात माणसं आडवी उभी राहिली तर तिथूनच 112 लावा. मोबाइलवरून पैसे गेले असतील तर त्याच तासाला 1930 वर फोन करा, बिल किंवा भावाबद्दल ग्राहक म्हणून तक्रार असेल तर 1915 वर. दुकानाच्या पाटीचा आणि वजनकाट्याचा फोटो काढून ठेवा. मला तेवढंही सुचलं नाही.

आणि घरात असं चूर्ण आधीच चालू असेल, चार दिवसांत चमत्कार झाल्यासारखं वाटत असेल, तर आजच साखर आणि रक्तदाब तपासा आणि पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. बरेच महिने घेत असाल तर स्वतःच्या मनाने बंद करू नका. उरलेली पूड फेकू नका, तपासायला तीच लागते. आमची अजून स्टीलच्या डब्यात आहे. आईने झाकणावर कागदाची पट्टी चिकटवून स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, 'हे कोणी घेऊ नये'. सध्या ती सकाळी पलंगावर बसून पाय सरळ करायचे व्यायाम करते, संध्याकाळी कोमट तीळतेल लावते. परवा तेल लावता लावता म्हणाली, "त्या पोरीने वाकून नमस्कार केला होता गं. मी तिला आशीर्वाद दिला."