बेळगावच्या टिळकवाडीतला स्किनचा दवाखाना : गर्दी लई, पण तपासणी व्यवस्थित

मामांच्या मांडीवरचा नायटा पाऊस लागल्यापासून जाईना, खानापूरकडं रोपलावणीला दिवसभर ओल्या कपड्यात राबायचं म्हटल्यावर तो जाणार तरी कुठं. मेडिकलवाल्यानं दिलेली मिक्स ट्यूब लावली की खाज गप्प, बंद केली की डब्बल परत. शेवटी इथं आणलं त्यांना.

डॉक्टरांनी चट्ट्याच्या कडेचा कोंडा ब्लेडनं काचेवर खरवडून घेतला, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आन् मायक्रोस्कोपखाली मला पण दाखवलं, बारीक दोऱ्यासारखी बुरशी बगा. म्हणाले ही कातडीच्या अगदी वरच्या मेलेल्या थरात ऱ्हाते, तिथलं केराटिन म्हणजे कातडी-केस-नखातलं टणक प्रथिन खाते, आणि ट्यूबमधलं स्टेरॉइड बुरशीला मारत नाही, उलट अंगाचा प्रतिकार दाबतं म्हणून लाली खाज जाते आन् बुरशी निवांत पसरते. वर कातडी पातळ होऊन पट्टे पडतात ते वेगळंच, मामांचे तर आता पूर्ण जाणार नाहीत म्हणे. हे त्या मेडिकलवाल्याला कोण सांगणार!

गोळ्या दिल्या, आणि क्रीम चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं जास्त लावायची, डाग दिसेनासा झाला तरी सांगितलेले दिवस पुरे करायचे. टॉवेल सगळ्यांचे वेगळे. आता बराच सुकलाय.

फोन मात्र कोण उचलत नाही, बसायला चार खुर्च्या. मराठी कन्नड दोन्ही चालतं. पार्किंग विसरा, बसनंच या.