१०८ मेगापिक्सेलचा फोन: काही महिने वापरल्यावर

पावसाळ्याआधी घेतला, आता थंडी सुरू झाली. रोजचा एकमेव फोन. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. वीस हजारांच्या आसपासचे बरेच फोन याच साच्यातले आहेत. खोक्यावर मोठ्या अक्षरांत: १०८ मेगापिक्सेल, १२० हर्ट्झची स्क्रीन (सेकंदाला १२० वेळा ताजी होणारी), ८ जीबी रॅम अधिक ८ जीबी व्हर्च्युअल, ६७ वॉट चार्जिंग.

चार्जिंग एक नंबर. आंघोळ-चहा उरकेपर्यंत दिवसाची सोय होते. स्क्रीनही झकास.

वैताग येतो तो साधा कॉल करताना. फोन कानाला लावला की स्क्रीन बंद व्हावी, हे काम प्रॉक्सिमिटी सेन्सरचं. यात तो वेगळा सेन्सरच नाही. सॉफ्टवेअर इतर सेन्सरांवरून अंदाज बांधतं. अंदाज हुकला की गालच म्यूट दाबतो, आणि पलीकडून आई "हॅलो, हॅलो" करत बसते. उलटंही होतं. बँकेचा आवाज सांगतो 'मराठीसाठी दोन दाबा', फोन कानापासून काढावा तर स्क्रीन काळीठिक्कर. विक्रीच्या पानावर मात्र 'प्रॉक्सिमिटी'पुढे बरोबरची खूण आहेच!

कॅमेऱ्यात नऊ पिक्सेल मिळून एक होतो, म्हणजे नेहमीचा फोटो १२ मेगापिक्सेलचाच. त्यात फसवणूक नाही, कमी उजेडात फायदाच होतो. पण ॲपलने २०१५ च्या आयफोन ६एसपासून २०२१ च्या आयफोन १३ पर्यंत मुख्य कॅमेरा १२ वरच ठेवला आणि सुधारणा सेन्सर, लेन्स, प्रोसेसिंगमध्ये केली, हे आठवलं की खोक्यावरच्या आकड्याचं काही वाटेनासं होतं. २ मेगापिक्सेलचा मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायचा कॅमेरा) तर निव्वळ 'तीन कॅमेरे' म्हणता यावं म्हणून बसवलाय.

रॅम म्हणजे चालू ॲप्स ठेवायची तात्पुरती जागा. व्हर्च्युअल रॅम म्हणजे स्टोरेजचाच तुकडा, खऱ्या रॅमपेक्षा कितीतरी मंद. मी बंद केली, काही फरक पडला नाही. एवढी रॅम मिरवूनही बॅटरी वाचवायला फोन मागची ॲप्स मारतो. तिकीट काढताना ओटीपी बघायला मेसेज उघडावा, तर परत येईपर्यंत फॉर्म कोरा. बॅटरी सेटिंगमध्ये त्या ॲपचे निर्बंध काढले की बरंच सुधारतं.

घेणार असाल तर दुकानात डेमो फोनमध्ये आपलं सिम घालून एक कॉल कराच. कानाला लावा, काढा, स्क्रीन लगेच उजळते का बघा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू दे.