माळावरचे आठ महिने: पोराच्या व्यसनमुक्तीसाठी रविवारच्या भटकंतीचा अनुभव

माझा मुलगा सोळा वर्षांचा. पंक्चरचं सोल्यूशन पिशवीत ओतून हुंगायचा, हे कळायलाच आम्हाला दीड वर्ष लागलं. मी गणवेशाच्या कारखान्यात शिलाईला, त्याचे वडील रात्रपाळीला. सायकल दुरुस्त करतोय म्हणायचा, त्यामुळे हाताला वास आला तरी शंका आली नाही. शेवटी 14446 या व्यसनमुक्तीच्या हेल्पलाइनला फोन केला आणि डॉक्टर गाठले.

ऑगस्टपासून तो सोलापुरातल्या एका गटाबरोबर जातोय. दर रविवारी पहाटे चालणं, महिन्यातून एकदा बाहेर मुक्काम. नऊ पोरं, एक समुपदेशक ताई, दोन दादा. महिना 1,200 रुपये.

एक गोष्ट आजही खटकते. नाव घालताना त्यांनी तब्येतीचा साधा कागदही मागितला नाही. आमचे डॉक्टर म्हणाले, हुंगल्यावर लगेच पळापळ झाली किंवा पोरगा दचकला, तरी हृदयाचे ठोके बिघडून जागच्या जागी जीव जाऊ शकतो. त्यांनी ईसीजी काढला, काही दिवस थांबवलं, मगच सोडलं. पोरगा रोज दारू घेत असेल तर ती एकदम तुटल्यावर फिट येऊ शकते, त्याला आधी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ठेवा. माळावर दवाखाना नसतो.

वडिलांना वेगळीच भीती होती. अमेरिकेत अशा शिबिरांना पोरांना रात्री झोपेतून उचलून नेतात, हे त्यांनी वाचलं होतं. तिथल्या संसदेपुढे 2007 साली सरकारी तपासनिसांनी अशा ठिकाणचे छळ आणि मृत्यू मांडले होते. म्हणून आम्ही सरळ विचारलं: मुक्कामाला आईबाप कधीही येऊ शकतात का? पोरगा नको म्हणाला तर? पाणी किती नेता? उत्तरं नीट मिळाली. एकदा त्याचे वडील न सांगता जाऊन बघूनही आले.

पावसाळा सरल्यावर ही पोरं नान्नजकडच्या माळावर जायला लागली. तिथे दाट झाडी नाही, नजर पोचेल तिथवर गवत. माळढोकासाठी 1979 साली अभयारण्य झालं ते हेच. माळढोक त्याला दिसला नाही, आता दिसणंच मुश्किल झालंय. काळवीट मात्र भरपूर. सुरुवातीला कुरकुरायचा. मग रविवारी भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊन नऊला गाढ झोपायला लागला. रात्र रात्र जागणारं पोर झोपलेलं बघून मी दाराशी उभी राहायचे.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी उंबऱ्यावर बसून मोज्यांत रुतलेली कुसळं उपटत होता. मीही शेजारी बसून दुसरा मोजा घेतला. मान वर न करता म्हणाला, "आई, पहिल्यांदा शाळेच्या मागं घेतलं होतं." मग कोणी दिलं, पैसे कुठून आणले, सगळं सांगितलं. दीड वर्ष समोर बसवून, ओरडून, रडून विचारलं तेव्हा तोंड उघडलं नव्हतं. ताई म्हणतात, चालताना पोरं बोलतात, कारण कोणी डोळ्यांत बघत नसतं. मला ते त्या मोज्यांपाशी पटलं.

जानेवारीत मात्र घसरला. गड्ड्याच्या जत्रेत गटानं दोन रविवार सुट्टी घेतली, मध्ये एक फोनही केला नाही. त्यातच जुने मित्र भेटले आणि पुन्हा पिशवी. रविवार सांभाळतात, बाकीच्या सहा दिवसांचं काय, हे पहिल्याच दिवशी विचारा. आम्ही भांडलो, तेव्हापासून ताई दर बुधवारी घरी येतात. डॉक्टरांच्या फेऱ्या तर एकदाही थांबवल्या नाहीत.

मार्चपासून उन्हामुळे माळ बंद. आता पहाटे साडेपाचला कंबर तलावाभोवती चालतात, आठच्या आत घरी. सोल्यूशनच्या ट्यूबला अकरा आठवडे हात लावलेला नाही. मावा अजून सुटलेला नाही, तेही ताईंना माहीत आहे.

या रविवारी मला पण बोलावलंय. माझे जुने बूट त्यानं काल धुऊन गच्चीवर वाळत घातलेत.