झाकणातल्या भोकाचे १८,५०० रुपये

जुना पेट्रोलवरचा फर्ग्युसन ट्रॅक्टर ज्यांच्याकडं अजून आहे त्यांनी वाचा. सोलापुरातल्या एका गॅरेजवाल्यानं आम्हाला १८,५०० ची टोपी घातली. नाव लिहीत नाही, उलटी केस आमच्यावरच पडायची.

ट्रॅक्टर चालू व्हायचा, पंधरा-वीस मिनिटं झकास चालायचा आणि मग धापा टाकत बंद. दहा मिनिटं थांबलं की परत चालू. चोक (हवा कमी करणारा खटका) अर्धा ओढला तर जरा तग धरायचा, म्हणजे पेट्रोल कमी पोचतंय एवढं आम्हालाही कळत होतं. बंद पडल्या पडल्या स्पार्क बघितला, निळा आणि जोरदार. स्पार्क मेलेला असता तर संशय स्पार्कला वीज देणाऱ्या कॉइलवर घ्यायचा. तीही तापली की असंच नाटक करते.

बिल (बिल कसलं, वहीचा फाटका कागद): ‘ओरिजनल’ कार्बोरेटर (पेट्रोलमध्ये हवा मिसळतो तो) ११,५००, टाकीचा केमिकल वॉश ३,५००, इलेक्ट्रिक पंप २,२००, मजुरी १,८००. जुना कार्बोरेटर ठेवून घेऊन त्याचे ५०० वजा केले, केवढे ते उपकार!

आता डोक्यात जाते ती गोष्ट. गॅरेजसमोर ट्रॅक्टर बंद पडला तेव्हा गॅरेजवाल्यानं टाकीचं झाकण फिरवलं आणि ‘स्स्स’ आवाज आला. लगेच सेल्फ मारला, एका झटक्यात चालू. त्यानं झाकण परत आवळलं आणि म्हणाला, ‘मालक, कार्बोरेटर गेलाय, त्यात उन्हानं पेट्रोलची वाफ होतीया.’ तो आवाज मी स्वतः ऐकला होता हो! झाकणातलं हवेचं भोक बुजलं की टाकीत पोकळी होते, पेट्रोल वरून खाली यायचं थांबतं. थोड्या वेळानं कुठून तरी हवा शिरते आणि गाडी परत चालू. पण मे महिना, ४३ अंश ऊन, वाफेची गोष्ट कुणालाही पटली असती. माझ्यासारख्या, हयात डिझेलच्या गाड्यांत गेलेल्या माणसाला तर नक्कीच.

पंपानं काय केलं? पोकळीवर मात करून पेट्रोल ओढलं, त्यामुळं आठवडाभर वाटलं काम झालं. पण हा कार्बोरेटर वरून ओघळणाऱ्या पेट्रोलसाठी बनवलेला असतो. पंपाच्या दाबानं फ्लोटची नीडल (पेट्रोलची वाट बंद करणारी सुई) बसेना, पेट्रोल सिलिंडरातून थेट ऑइलमध्ये. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं किंवा पेट्रोलचा वास आला, तर गाडी चालू करू नका. ऑइल बदलायचे २,१०० वेगळे गेले. शेवटी झाकणाच्या भोकात बारीक तार घातली, तर कुंभारमाशीच्या मातीची ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी निघाली.

म्हणून आधी झाकण सैल करून अर्धा तास चालवून बघा. फुकट आहे. त्यानं फरक पडला नाही तर इंजिन गार झाल्यावर कार्बोरेटरकडची नळी सोडा, बाटलीत धरा, टाकीखालचा कॉक उघडा. दोन-तीन मिनिटांत अर्धा लिटर न थांबता यायला हवं. धार जोरात सुरू होऊन बारीक झाली, तर कॉकची जाळी किंवा काचेच्या वाटीतला गाळ बघा. धार चांगली असून गाडी मरते, तर कार्बोरेटरच्या तोंडाची जाळी आणि नीडल. कुणी रबरी नळी टाकली असेल तर ती सायलेन्सरपासून लांब ठेवा, आणि हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलनं ती आतून फुगते, तेही बघा. (इथेनॉल आपल्याही उसाचं, आता बोलायचं कुणाला.)

पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, ‘दिवाणी मामला आहे, ग्राहक आयोगाकडं जा.’ मी म्हटलं, झाकणाचा दोष डोळ्यांनी बघून खोटं सांगितलं, ही फसवणूक नाही? तर म्हणे, ‘त्याला माहीत होतं हे सिद्ध करा.’ ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार घातली, महिन्यानं मेसेज आला, तक्रार निकाली! कुणी काढली निकाली? विचारायला गेलो तर एका टेबलावर जीएसटी बिल मागितलं, दुसऱ्यावर ट्रॅक्टरची कागदं, तिसरा माणूस जेवायला गेलेला. चार चकरा, चार दिवसांची मजुरी बुडाली. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत २ वर्षांची आहे. पण पक्कं बिल नसलं की तिथंही घाम फुटतो. पैसे यूपीआयनं दिले तेवढाच पुरावा हातात आहे. रोख देऊ नका. काढलेला पार्ट तिथं सोडू नका.

जुना कार्बोरेटर मागायला गेलो तर म्हणतो भंगारात गेला. तो अस्सल झेनिथ कंपनीचा होता, फ्लँजचा (बोल्ट बसतात त्या पट्टीचा) एक कान तुटून पितळेनं जोडलेला. असा पीस कुणाकडं विकायला आला तर कळवा.