एसडब्ल्यूआर १.१ दाखवणाऱ्या डब्यात माझे १५,७०० रुपये गेले

सोलापूर जिल्ह्यातल्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींनो, अँटेना ‘मॅच’ करून देणारा डबा घेऊन कोणी आला तर त्याला घरात घेऊ नका.

मे महिन्यात वळीव झोडपून गेला आणि दुसऱ्या दिवशी माझ्या चाळीस मीटर बँडच्या (७ मेगाहर्ट्झ) डायपोलचा, म्हणजे मधोमध केबल जोडलेल्या तारेच्या अँटेनाचा, एसडब्ल्यूआर थेट ३.५ वर. पाठवलेली पॉवर अँटेनाकडून किती उलटी येते, त्याचं हे माप; एक म्हणजे उत्तम. तीनलाच पाव पॉवर उलटी येते, सेट आपणहून पॉवर कमी करतो. ओळखीतून ओळख काढून हा गृहस्थ जुळे सोलापुरात माझ्या घरी आला. व्हिजिटचे १,२०० आधी घेतले. गच्चीवर चढलाच नाही. “काका, एवढ्या उन्हात वर कशाला? दोष मॅचिंगचा आहे.” अँटेना न बघता दोष सांगणाऱ्याला तिथेच उठवायला हवं होतं. डबा जोडला, एसडब्ल्यूआर मीटरचा काटा १.१ वर. १४,५०० यूपीआयनं दिले. बिल “उद्या व्हॉट्सॲपवर”. बिलाशिवाय एक रुपया देऊ नका.

आणि आता तो क्षण, जो रात्री झोपू देत नाही. मी सहज बँड बदलून १४ मेगाहर्ट्झवर गेलो. काटा १.१. एकवीसवरही १.१. अरे, चाळीसच्या साध्या डायपोलला मधोमध चौदावर हजारो ओहम दिसतात, सेटला हवे असतात पन्नास; काटा टोकाला आपटायला हवा! नव्या पोरांना हे मीच शिकवतो. तो म्हणाला, “बघा काका, एका अँटेनात सगळे बँड,” आणि मी मान डोलावली. सेटही एकदम शांत झाला होता, तर म्हणे नॉइज गेला. नॉइज नाही, स्टेशनंच गेली होती. पण आठवडाभर हवेवर न आलेल्या माणसाला खाली आलेला काटा दिसला की दुसरं काही दिसत नाही. माझ्या जागी कोणीही फसला असता.

तीन दिवस सीक्यू (‘कोणी ऐकतंय का’ अशी हाक) देऊन घसा बसला, एक उत्तर नाही. डब्याला हात लावला तर चटका बसला. उघडला. एक-एक किलोओहमचे वीस रेझिस्टर समांतर डाग देऊन जोडलेले. करा हिशेब, बरोबर पन्नास ओहम. अँटेनाच्या सॉकेटची मधली पिन कशालाच जोडलेली नाही. डमी लोड, म्हणजे पॉवर हवेत न सोडता नुसती उष्णतेत जिरवणारा डबा, विकला मला!

पोलीस ठाण्यात गेलो तर आधी मलाच विचारलं, “हे वायरलेस घरात कशाला?” लायसन्स दाखवलं. दोन तास बसवलं आणि म्हणाले, “वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?” दुसऱ्या दिवशी दुसरे साहेब म्हणाले, ग्राहक तक्रार करा. तिथे बिल मागितलं. पाच टेबलांवर एसडब्ल्यूआर समजावून सांगितला, पाचव्या टेबलानं टीव्हीच्या छत्रीचं आहे का म्हणून विचारलं. अर्ज लिहून घ्या, शिक्का मारून पोच द्या, एवढंच मागत होतो. तेही झालं नाही.

शेवटी स्वतः गच्चीवर गेलो. वरच्या कनेक्टरची टेप उन्हानं तडकलेली. पिळून काढला तर आतून पाणी ठिबकलं, केबलची जाळी काळी पडलेली. फूटभर केबल कापली, नवा कनेक्टर, नवी टेप. ३४० रुपये. एसडब्ल्यूआर १.४. आधी ओळखीचा डमी लोड लावून सेट आणि मीटर तपासा, मग केबल, मग वर चढा.

तो फोन उचलत नाही. पंढरपूरच्या एका हॅमला मात्र त्यानं हाच डबा १६,००० ला सांगितलाय, रविवारी जोडायला येणार आहे. म्हणून आज रात्रीच लिहायला बसलो.